‘आढळले नाही’

चाकणच्या एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांच्या रांगेत एक कारखाना वेगळा होता. तिथं कोंबडीचं मांस कापून, मसाला लावून, पाकिटात भरून मोठ्या दुकानांना आणि हॉटेलांना जायचं. मागच्या बाजूला, शीतगृहाला चिकटून, दोन खोल्यांची प्रयोगशाळा होती. निशिगंधा ओव्हाळ तिथं नऊ वर्षं मांसातले जंतू शोधत होती. काम असं की काही सापडलं नाही तर तिची कुणाला आठवणही होत नसे, आणि सापडलं तर आधी तिच्याच हातांकडे बघितलं जाई.

तिचे वडील कोंडीराम उदगीरकडून पिंपरीत आले ते विशीत. एकतीस वर्षं त्यांनी फाउंड्रीत वितळलेलं लोखंड साच्यात ओतलं. त्या पगारावर थेरगावात दोन खोल्या झाल्या आणि थोरली मुलगी एम.एस्सी. झाली. सूक्ष्मजीवशास्त्र हा शब्द आई प्रभावतीच्या जिभेवर कधी बसलाच नाही. शेजारणींनी विचारलं की ती सांगे, “आमची निशी दुर्बिणीतून किडे बघती.” चौतीस वर्षांची निशिगंधा रोज सकाळी डांगे चौकात कंपनीची बस धरायची आणि भोसरी, मोशी करत दीड तासानं चाकणला उतरायची. बोलायला कमी, कामाला चोख. तिच्या सहीवर मालाच्या गाड्या सुटत.

सहीला वजन होतं ते किरणांमुळे. मांस आधी सौम्य आम्लाच्या पाण्यात धुतलं जाई, मग दही-लिंबाच्या मसाल्यात रात्रभर थंड खोलीत मुरत ठेवलं जाई. दुसऱ्या दिवशी पाकीटबंद माल दुसऱ्या एका कंपनीच्या केंद्रात जाऊन गॅमा किरणांखालून परत येई. किरणांनी जंतू मरतात, माल जास्त दिवस टिकतो. परत आलेल्या मालातली काही पाकिटं निशिगंधा तपासायची आणि अहवालात लिहायची: साल्मोनेला – आढळले नाही.

मसाल्याच्या टाकीवर सोनबा होता. आंबेठाणचा, पन्नाशी ओलांडलेला, तोंडात कायम लवंग. एकदा तो प्रयोगशाळेच्या दारात घुटमळत उभा राहिला.

“ताई, एक इचारू? ह्ये किरण मारल्यालं चिकन खाल्लं तर अंगात किरण जात्यात का? आमच्या कारभारणीला साखर हाय. ती म्हनती, मला नगं ते.”

“नाही मामा. एक्स-रे काढला म्हणून माणूस चमकायला लागतो का? किरण येतात, आपलं काम करून जातात. मांसात काही राहत नाही.”

“मंग खायला हरकत न्हाई?”

“काहीच नाही.”

ते खरंच होतं. त्या दिवसापासून सोनबा शुक्रवारची पाकिटं बिनघोर घरी नेऊ लागला. ज्यांचं लेबल फाटलंय किंवा वजन थोडं कमी भरलंय अशी पाकिटं कंपनी शुक्रवारी कामगारांना वाटून टाकत असे.

मार्च महिन्यात हे सगळं बिघडलं, आणि तेही एका सुट्टीमुळे.

सोमवारी तिनं नेहमीसारखी तपासणी लावली होती. त्यात साध्या, पौष्टिक खाद्याच्या चार प्लेटा होत्या. त्या चोवीस तासांनी बघून टाकून द्यायच्या असत. मंगळवारी धुळवड. बुधवारी आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन म्हणून तिची रजा. गुरुवारी आल्यावर तिनं इनक्युबेटरचं, म्हणजे जंतू वाढवायच्या त्या उबदार कपाटाचं, दार उघडलं. चार प्लेटा तशाच पडून होत्या. तिनं कचऱ्याच्या लाल पिशवीकडे हात नेला आणि तो तिथंच थांबला. दोन प्लेटांवर बारीक ठिपके होते, मोहरीच्या दाण्याहून लहान.

एरवी चोवीस तासांत कधीच न दिसलेलं काहीतरी या वेळी तिसऱ्या दिवशी उगवलं होतं.

तिच्या मनात पाल चुकचुकली. तिला कॉलेजातली एक जुनी गोष्ट आठवली: जखमी जंतू उशिरा उठतात. त्यांना आधी विश्रांती आणि चांगलं अन्न लागतं, मग ते वाढतात. साल्मोनेला शोधण्याच्या रीतसर पद्धतीत म्हणूनच पहिली पायरी असते ती नमुना एक दिवस साध्या पोषक द्रवात ठेवण्याची. त्यानंतर तो कडक प्लेटवर टाकायचा, जिथं इतर जंतूंना मारणारी द्रव्यं मिसळलेली असतात आणि फक्त हवा तोच जंतू उगवतो.

दीड वर्षापूर्वी कंपनीनं ही पहिली पायरी काढून टाकली होती. किरण मारून आलेल्या मालाला एवढे सोपस्कार कशाला, माल दोन दिवस खोळंबतो, असं मीटिंगमध्ये ठरलं. क्वालिटी विभागाचे प्रमुख दिग्विजय सर म्हणाले होते, “तू लिहून दे फक्त, की शास्त्रीयदृष्ट्या चालेल.” तिला तेव्हा थोडं खटकलं होतं. पण तिनं लिहून दिलं. नव्या पद्धतीच्या कागदावर ‘तयार केले’ या रकान्यात तिचीच सही होती.

गुरुवारी दुपारी तिनं कुणाला न सांगता त्याच मालाची राखून ठेवलेली पाकिटं जुन्या, पूर्ण पद्धतीनं लावली. सोमवारी सकाळी निकाल समोर आला. लाल प्लेटवर काळ्या ठिपक्यांच्या वसाहती. मधोमध काळा डोळा असलेल्या. विद्यार्थ्यालाही ओळखू येईल असा साल्मोनेला.

ती स्टुलावर बसली. मग उठून प्लेट घेऊन थेट दिग्विजय सरांच्या केबिनमध्ये गेली.

दिग्विजय सर वाईट नव्हते. डोक्यावरचे केस विरळ झालेले, सतत पाणी पिणारे, वरच्यांना घाबरणारे गृहस्थ होते. त्यांनी प्लेट उजेडात धरली, खाली ठेवली.

“किरणांच्या केंद्राचं प्रमाणपत्र आहे आपल्याकडे. डोस बरोबर मारलाय.”

“डोस बरोबरच असेल सर. पण तो डोस ठरवताना केंद्रात जी चाचणी झाली ती प्रयोगशाळेत वाढवलेल्या जंतूंवर झाली. गरम ऊब, भरपूर खाणं, कसलाच त्रास नाही. आपल्याकडचे तसे नाहीत. आम्लातून, दह्यातून, थंडीतून आलेले आहेत.”

“म्हणजे?”

“म्हणजे ज्यांनी इतकं सोसलं ते किरणांनाही जास्त सोसतात. आणि जे वाचतात ते अर्धमेले असतात, आपल्या कडक प्लेटवर उगवतच नाहीत. आपण त्यांना मेलेले धरतो.”

दिग्विजय सरांनी पाण्याचा घोट घेतला. “लॅबमध्येच कुठून आलं असेल. पुन्हा लाव. या आठवड्याच्या मालातली पाच पाकिटं घे. आणि निशिगंधा, तोवर मेल वगैरे नको.”

तिनं पुन्हा लावलं. सोबत मांसाशिवायचा कोरा द्रवही लावला, म्हणजे दोष आपल्या हाताचा असेल तर तिथंही दिसेल. त्या आठवड्यात तिला धड जेवण गेलं नाही.

बुधवारी संध्याकाळी कोंडीरामांनीच विषय काढला. “काय झालंय? ताटात बोटं फिरवत बसलीस.”

तिनं सांगितलं. जंतू, आम्ल, किरण, सगळं. पप्पांना कळेल अशी तिची अपेक्षा नव्हती. पण ते भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकत राहिले. मग म्हणाले, “आमच्याकडं नवीन पोरगं आलं की पहिल्या ठिणगीला फोड यायचा. आमच्या हातावर ठिणगी पडली तर आम्ही फुंकर मारून टाकायचो. कातडंच तसं झालेलं. तसंच ना हे?”

“जवळजवळ तसंच, पप्पा. फक्त यांचं आतूनही होतं. एकदा मार बसला की मोडलेलं सांधायची हत्यारं हे बाहेर काढून तयार ठेवतात. मग किरणांनी तोडलं की लगेच जोडायला बसतात. सगळे नाही. थोडे. पण थोडे पुरतात.”

“मग थांबव की माल.”

“माझ्या हातात आहे का ते?”

कोंडीरामांनी तिच्याकडे बघितलं. “सही तुझी असती ना?”

ती उठून हात धुवायला गेली.

शुक्रवारी बारा वाजता निकाल आला. पाचपैकी दोन पाकिटांत साल्मोनेला. कोरा द्रव स्वच्छ. दिग्विजय सरांनी आकडे ऐकून घेतले आणि टेबलावरच्या कागदांची चळत सरळ करत राहिले.

“बाहेरच्या लॅबला नमुने पाठवू. आठवड्यात कळेल. शेवटी पाकिटावर लिहिलेलंच आहे, पूर्ण शिजवून खा म्हणून. शिजवल्यावर मरतातच ना?”

“पूर्ण शिजवलं तर मरतात, सर.”

“मग झालं तर. आठवडाभरानं काही आभाळ कोसळत नाही.”

ती बाहेर आली. चार वाजता शिफ्ट सुटली तेव्हा गेटजवळ शुक्रवारची पाकिटं वाटली जात होती. हेअरनेट काढून हातात घेतलेले कामगार रांगेत उभे होते, हसत-खिदळत. सोनबा तिसरा होता. निशिगंधा दहा पावलांवर उभी राहिली. ओरडून सांगावं, घेऊ नका. पण मग काय? कुणी सांगितलं, विचारतील. बाहेरचा अहवाल कुठाय, विचारतील. आणि त्यामागोमाग दीड वर्षापूर्वीचा तो कागद निघेल. हे तीन विचार तिच्या मनात याच क्रमानं आले. पुढे कित्येक दिवस त्या क्रमाचीच, त्यात सोनबा कुठंच नव्हता याची, तिला लाज वाटत राहिली.

सोनबा पिशवी हलवत आला. “चला ताई, उद्या पाव्हणं हायती घरी. कामाला आलं.”

“मामा,” ती म्हणाली, “चांगलं शिजवा हं. आतपर्यंत.”

“व्हय की. कच्चं खातो का काय आमी?” तो हसला आणि आंबेठाणकडच्या बसमध्ये चढला.

एवढंच ती बोलली. तिची बस मोशीच्या पुलावरून इंद्रायणी ओलांडत असताना तिला वाटलं की फोन करावा. सोनबाचा नंबर तिच्याकडे नव्हता. कुणाकडून तरी मिळाला असता. तिनं मागितला नाही.

मंगळवारी सोनबा आला नाही. बुधवारीही टाकीवर दुसराच माणूस होता. त्यानं सांगितलं, “सोनबाभाऊंची मंडळी ॲडमिट आहे. पिंपरीला. सीरियस म्हणत होते.”

अर्धी रजा टाकून ती पिंपरीच्या महापालिकेच्या मोठ्या दवाखान्यात गेली. तिसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात कोपऱ्यातल्या खाटेवर सोनबाची बायको तानुबाई होती. साखरेचं दुखणं, त्यात तीन दिवस जुलाब-उलट्या, ताप. गावच्या डॉक्टरनं सलाईन लावलं, पण लघवी बंद झाली तेव्हा इकडं हलवली. ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले. सोनबा खाटेच्या पायथ्याशी उकिडवा बसला होता. निशिगंधाला बघून तो गडबडीनं उठला. प्रयोगशाळेतली ताई आपल्या बायकोला बघायला आली, याचंच त्याला अप्रूप वाटलं.

“बघा की ताई, काय झालं. शनवारी पाव्हणं आलं, तव्यावर परतून केलं चिकन. पाव्हण्यांचं पोट जरा बिघाडलं, माजं बी एक दिस. पर हिचं थांबंचना.”

“तव्यावर परतून?”

“व्हय. लवकर व्हतंय म्हनून.”

ड्युटीवरच्या डॉक्टरबाईला गाठून तिनं आपली ओळख दिली आणि म्हणाली, “साल्मोनेला आहे का, मुद्दाम बघाल? मी चिकनच्या कंपनीत मायक्रोबायॉलॉजिस्ट आहे. मला शंका आहे.” डॉक्टरबाईनं मान वर करून तिच्याकडे नीट बघितलं. “नमुना कालच गेलाय. तुमची शंका लिहून ठेवते,” ती म्हणाली आणि केसपेपर ओढून घेतला.

ते शब्द बाहेर पडले तेव्हा निशिगंधाला पहिल्यांदा हलकं वाटलं, आणि पायऱ्या उतरताना पुन्हा जड. डॉक्टरला सांगितलं. सोनबाला नाही.

गुरुवारी सकाळी बसमधून उतरल्यावर ती प्रयोगशाळेत गेलीच नाही. आधी शीतगृहात गेली. नवा माल किरण मारून आला होता, दुपारी गाड्या भरायच्या होत्या. तिनं खोक्यांच्या प्रत्येक थप्पीला लाल ‘थांबवा’ची चिठ्ठी लावली, खाली सही आणि वेळ घातली. मग कॉम्प्युटरवर बसून मेल लिहिला. दिग्विजय सरांना, कारखान्याच्या व्यवस्थापकांना, मालकांना. दोन्ही चाचण्यांचे निकाल, तारखा, प्लेटांचे फोटो. आम्लाच्या टाकीचं पाणी आपण मोजून बघितलं, ते ठरल्यापेक्षा फिकं ठेवलं जातंय, त्यानं जंतू मरत नाहीत, नुसते सरावतात, हेही लिहिलं. शेवटी लिहिलं: ‘पहिली पायरी वगळण्याची पद्धत मी तयार केली होती. ती चूक होती. आजपासून त्या पद्धतीवर मी सही करणार नाही.’

दिग्विजय सर दहा मिनिटांत आले. चेहरा पांढरा पडलेला.

“कळतंय का तू काय केलंस? तुझ्याच सहीच्या कागदावर तूच बोट ठेवलंस. उद्या चौकशी झाली तर पहिली तू अडकशील.”

“हो सर.”

“मी तुला वाचवत होतो.”

“मला माहीत आहे.” ती म्हणाली. “पण सोनबामामांची बायको पिंपरीला ॲडमिट आहे. शुक्रवारचं पाकीट खाऊन.”

दिग्विजय सर खुर्ची ओढून बसले. मग त्यांनी विचारलं, “जगेल ना?”

“माहीत नाही.”

माल त्या दिवशी हलला नाही. पुढच्या आठवड्यात बाहेरच्या लॅबचा अहवाल आला: दहात एक पाकीट सदोष. दवाखान्यातूनही साल्मोनेलाच निघाला. दुकानांतली शिल्लक पाकिटं परत मागवली गेली, कारण ‘वेष्टनातील त्रुटी’ असं कळवून. मसाल्याची टाकी रिकामी करून घासली गेली, आम्लाचं पाणी कडक झालं. डोस नव्यानं ठरवायला घेतला, आणि या वेळी चाचणीसाठीचे जंतू आधी दह्यात आणि थंडीत मुरवून मग किरणांखाली धरायचे असं ठरलं. वगळलेली पायरी परत आली. निशिगंधाला लेखी ताकीद मिळाली, सदोष पद्धत तयार केल्याबद्दल. अन्न खात्याला मात्र कंपनी काही कळवणार नाही असं दिसल्यावर तिनं स्वतःच्या नावानं, ताकीदपत्राची प्रत जोडून, तक्रार पाठवली. चौकशी सुरू झाली. ती कुठपर्यंत जाईल हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

तानुबाई जगली. बारा दिवसांनी घरी आली, पण मूत्रपिंडाला मार बसला तो बसलाच. महिन्याला तपासणी, मीठ-पाणी मोजून.

एका रविवारी निशिगंधा आंबेठाणला गेली. सोनबाच्या अंगणात बाजेवर तानुबाई पडली होती. सोनबानं चहा सांगितला. चहा यायच्या आत निशिगंधानं बोलून टाकलं.

“मामा, त्या शुक्रवारी दुपारी बारालाच मला कळलं होतं. मालात जंतू आहेत हे. चार वाजता तुम्ही माझ्यासमोरून पाकीट नेलंत.”

सोनबाला आधी समजलंच नाही. तो तोंडातली लवंग या गालातून त्या गालात फिरवत राहिला. मग त्याची हालचाल थांबली.

“तुमाला म्हाईत व्हतं.”

“हो.”

“आन् नुसतं शिजवा म्हनला.”

“हो मामा.”

“म्या तुमच्या शब्दावर हिला ते खायला लावलं हो. ती न्हाईच म्हनत व्हती.” तो उठला, चप्पल न घालताच अंगणाबाहेर गेला आणि गोठ्याच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

तानुबाईनं मान वळवली. “बसा,” ती क्षीण आवाजात म्हणाली. “च्या घिऊन जा.” निशिगंधानं चहा घेतला. तो तिला उतरत नव्हता, पण तिनं पूर्ण संपवला, कप विसळून ठेवला. निघताना तिनं सोनबाला हाक मारली नाही. त्यानंही वळून बघितलं नाही. पुढे त्यानं पॅकिंगकडे बदली मागून घेतली. गेटवर दोघं समोरासमोर आले तर तो दुसरीकडे बघतो.

प्रयोगशाळेत आता प्रत्येक निकालाला चार दिवस लागतात आणि कुणी घाई करत नाही. पण निशिगंधाच्या डोक्यातून मागचं दीड वर्ष जात नाही. त्या काळातल्या प्रत्येक अहवालावर ‘आढळले नाही’ लिहिलेलं आहे. प्रत्येक मालाची दोन पाकिटं गोठवून ठेवायचा नियम आहे, पण फक्त तीन महिने. त्याआधीचा माल दुकानांतून घरी गेला, तव्यावर चढला, कुणी नीट शिजवला, कुणी नाही. त्या घरांत काय झालं हे शोधायची कुठलीच वाट नाही.

तीन महिन्यांची उरलेली पाकिटं तिनं एकेक करून तपासायला घेतली आहेत. रोजचं काम आटोपल्यावर दोन पाकिटं बाहेर काढते, हातमोजे घालते, नमुना कापून द्रवात टाकते.

“कुणी सांगितलंय हे?” दिग्विजय सरांनी एकदा दारातून विचारलं.

“कुणी नाही,” ती म्हणाली.

ते आत आले आणि बाटल्यांवर तारखा लिहू लागले.